थॉरच्या लग्नात हुंकार कोणी द्यायचा?

मंगळवार, १४ मे, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. खोलीचे तापमान ३४ अंश, कूलर बंद, खोलीतील मूळ आवाज २९ डेसिबल. माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर एवढे स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहे. त्यापुढे 'विलंबाचे कारण' या रकान्यात घाईने खरडलेले एक वाक्य आहे : कथनकार विचारतात, हुंकार कोण देणार?

दिवाळी अंकात आपल्या कामाविषयी लिहिणारी माणसे बहुधा निवृत्त असतात. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि या व्यवसायात मला जेमतेम तीन वर्षे झाली आहेत. तरीही लिहिते आहे, कारण या व्यवसायात माझ्याहून ज्येष्ठ असे कोणी अमरावती-अकोल्यात मला अद्याप भेटलेले नाही. मी हशे मोजते.

हे विधान लग्नाच्या बोलणीत केल्यास काय होते, ते अनुभवाने सांगू शकते. मुलाच्या वडिलांनी आधी माझ्या आईकडे पाहिले, मग पोह्यांच्या बशीकडे, आणि विचारले, "म्हंजे सरकारी हाये का?"

सरकारी नाही. पुण्यातील एक संस्था मोबाइलवर ऐकण्याच्या कथा तयार करते. तिचा वऱ्हाडातील स्टुडिओ अमरावतीच्या राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली अकरावीची मुले एका सुरात त्रिकोणमितीची सूत्रे म्हणतात, रस्त्यावर दुचाकींचे हॉर्न वाजतात, आणि या दोहोंच्या मधल्या शांततेत आम्ही ध्वनिमुद्रण करतो. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, प्रकल्प ध्वनिशास्त्रावर केला. त्यामुळे मुद्रण स्वच्छ करणे आणि तयार कथा श्रोत्यांना ऐकवून तिचा परिणाम मोजणे, ही दोन्ही कामे माझ्याकडे आली.

हशा म्हणजे काय, याची व्याख्या मला पहिल्याच आठवड्यात करावी लागली. खोलीतील किमान एकतृतीयांश श्रोते किमान एक सेकंद, ऐकू येईल असे हसले, तर तो एक हशा. नाकातून सुटलेली हवा धरायची नाही. शेजारचा हसला म्हणून उशिरा हसणाऱ्याला अर्धा गुणही नाही. आणि मोजणाऱ्याने स्वतः हसायचे नाही, कारण हसणाऱ्याचे बोट चुकते. मोजण्यासाठी मी बोटात अडकवण्याचे एक लहान गणकयंत्र वापरते. अंगठ्याने दाबले की आकडा एकाने वाढतो. पुण्याच्या कार्यालयाचा निकष असा की अर्ध्या तासाच्या विनोदी कथेला चाळीस हशे मिळाले पाहिजेत. त्याखालील कथा दुरुस्त होते किंवा रद्द होते.

गेल्या वर्षीची योजना होती उत्तर युरोपातील बर्फाळ मुलखाच्या जुन्या देवकथांची. त्या आजच्या काळात आणायच्या, विनोदी ढंगाने सांगायच्या, आणि वऱ्हाडी बोलीत. ही कल्पना मुळात कोणाची, हे आमच्या कार्यालयात आजही कोणी कबूल करत नाही. कथनकार मात्र मी शोधले होते, आणि ते मी अभिमानाने कबूल करते.

मुनाफचाचा अकोल्याचे. बाजार समितीच्या आवारात चाळीस वर्षे ते हर्रास पुकारत होते. तुरीच्या, हरभऱ्याच्या ढिगापुढे उभे राहायचे आणि व्यापाऱ्यांच्या बोली गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतील अशा आवाजात वाढवत न्यायच्या. पुढे बोली संगणकाच्या पडद्यावर लागू लागल्या आणि पुकारणाऱ्याची गरज संपली. मी त्यांचा आवाज प्रथम ऐकला तो एका लग्नात. ते पाहुण्यांना पंगतीला बोलावत होते, आणि नुकती जेवून उठलेली माणसे पुन्हा पानावर बसत होती. मी त्याच मांडवात त्यांचा फोन नंबर घेतला.

कथा वाचून दाखवल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विनोदाचा विचारला नाही.

"स्नेहल बेटा, हे देव कोनाचे?"

"तिकडच्या लोकांचे, चाचा. हजार वर्षांपूर्वी पूजा व्हायची."

"आता कोनी मानते का त्याईले?"

मला माहीत नव्हते. शोध घेऊन दोन दिवसांनी सांगितले की थोडी माणसे आजही मानतात.

चाचांनी मान हलवली. "मंग दुरून मस्करी नाई करू. मामाची करतो तशी करू. मामाची कितीबी मस्करी केली तरी ईदले सलाम कराच लागते."

या एका नियमावर त्यांनी सगळे देव उभे केले. देवांचा राजा ओडिन, ज्याने शहाणपणासाठी आपला एक डोळा विहिरीत टाकला, तो चाचांच्या तोंडी बाजार समितीचा सभापती झाला : "एका डोयानं सबन पाहते, अन् सहीच्या वक्ताले तोच डोया मिटते." हातोडा घेऊन फिरणारा बलदंड थॉर म्हणजे घरचा थोरला भाऊ : "घरात सारे त्याले भेतात, पन बल्ब बदलाले त्यालेच हाक मारतात." आणि लोकी, जो देवांना संकटात घालतो आणि तोच बाहेर काढतो? "तो दलाल हाये. दोनी पार्ट्यांचा."

मी वाट पाहत होते की हे सारे माइकसमोर कसे येते. आले ते असे : १४ मे रोजी चाचा काचेच्या खोलीत बसले, घसा साफ केला, एक वाक्य बोलले आणि थांबले.

"काय झालं, चाचा?"

"हुंकार कोन देईन?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गोष्ट सांगण्याची जुनी रीत अशी की ऐकणाऱ्यांतील एकाने मधूनमधून 'हं', 'हाओ', 'मंग?' म्हणत राहायचे. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, कारण सांगणारा समजतो की ऐकणारा झोपला. माझ्या आजोळी हे मी पाहिले होते. पण ध्वनिशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते नव्हते. मी काचेपलीकडून मान हलवण्याचे आश्वासन दिले.

"मुंडीले आवाज असते का?" चाचा म्हणाले.

प्रश्न जुबेदाचाचींनी सोडवला. चाचांना साखरेचा त्रास असल्यामुळे त्या डबा घेऊन अकोल्याहून बरोबर येत आणि बाहेरच्या बाकावर बसत. त्या दिवशी त्या उठल्या, आत गेल्या, माइकपासून दोन फुटांवर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. बोला."

पहिली कथा तटबंदीची. देवांना आपल्या नगराभोवती तट हवा असतो. एक परका गवंडी येतो : एका हिवाळ्यात तट पुरा करतो, बदल्यात सूर्य, चंद्र आणि देवांतली सर्वांत देखणी फ्रेया द्या. लोकी म्हणतो, करा सही, पुरा कुठला होतो. पण गवंड्याचा घोडा डोंगराएवढे दगड ओढतो. मुदतीला तीन दिवस उरतात आणि तट जवळजवळ उभा! देव लोकीची मानगूट धरतात. तेव्हा लोकी घोडीचे रूप घेऊन त्या घोड्याला जंगलात पळवून नेतो. काम अडते, गवंडी बुडतो. पुढे लोकी परत येतो तो आठ पायांचे शिंगरू घेऊन. आपण स्वतः व्यालेले.

चाचांनी यातून निविदा काढली, वर्क ऑर्डर काढली, मुदतवाढीचा अर्ज फेटाळला. घोडीपाशी मात्र ते अडखळले, कारण समोर चाची होत्या.

"लोकीनं घोडीचं सोंग घेतलं... अन् घोड्यासंग जंगलात गेला."

"मंग?"

"मंग काय. बरेक महिन्यानं आला. संग आठ पायाचं शिंगरू."

"कोनाचं?"

"लोकीचं."

"हाय अल्ला! मानसाले झालं?"

"देवाले झालं व."

"मंग बारशाले आत्याबाई कोन बसली?"

मी काचेमागे होते आणि माझे लक्ष पूर्णपणे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईकडे होते. चाचींचा आवाज चाचांच्या आवाजावर चढत होता.

संध्याकाळी मी मुद्रण स्वच्छ करायला घेतले. नोंदवहीत 'गोंगाट' या सदराखाली त्या दिवशीची यादी आहे : दुचाकीचे हॉर्न ६, खालच्या वर्गातील सूत्रे ४, बांगड्या २१, हुंकार ११७. एकेक हुंकार कापून काढला आणि त्यामुळे पडलेली खिंडारे बुजवली. साडेचार तास लागले. तयार फाइल ऐकताना मला स्वतःचे कौतुक वाटले. काचेसारखा आवाज होता.

पहिली चाचणी खालच्याच शिकवणी वर्गात झाली. श्रोते चोवीस, वेळ अर्धा तास, हशे अकरा. दुसरी बडनेऱ्याच्या एका वाचनालयात. हशे नऊ. तिथे एक निवृत्त गृहस्थ शेवटी उठून माझ्याकडे आले आणि सांत्वन केल्यासारखे म्हणाले, "गोष्ट चांगली हाये. पन ते साहेब कोनाले सांगून राहिले?"

त्या वाक्यात उत्तर होते. मी ते 'इतर अभिप्राय' या रकान्यात लिहिले आणि पान उलटले.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला आनंद नाही. दोन चाचण्यांच्या आधारावर मी पुण्याला अहवाल पाठवला. कारण लिहिले : बोलीचा अडथळा. शिफारस लिहिली : प्रमाण मराठीत, व्यावसायिक अभिनेत्याकडून पुनर्मुद्रण. अहवाल चार पानांचा होता, त्यात तीन आलेख होते, आणि तो दिसायला सुरेख होता. पुण्याच्या कार्यक्रमप्रमुख मॅडमनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. अभिनेता बघतो म्हणाल्या, आणि नव्या मुद्रणाची देखरेख करायला तुम्हीच पुण्याला या असेही म्हणाल्या. मला पुण्याला जायचे होते, तसा अर्जही केलेला होता. अजूनही जायचे आहे.

चाचांना मी अजून काही कळवले नव्हते. त्यांनी मात्र अकोल्याच्या बाजारात प्रत्येकाला सांगून ठेवले होते की आता आपला आवाज फोनमधून येणार. एकदा पडद्याने त्यांचा आवाज काढून टाकला होता. दुसऱ्यांदा ते काम मी करत होते, आलेखांसह.

तिसरी चाचणी आधीच ठरलेली होती, अकोल्यात, बायकांच्या एका शिवणवर्गात. खरे तर आता तिचा उपयोग नव्हता. पण दोन गटांवर निष्कर्ष काढला आणि तिसरा सोडून दिला, हे मला पटेना. गेले, ध्वनिवर्धक जोडला, फाइल लावली आणि गणकयंत्र बोटात अडकवले.

पहिल्याच मिनिटाला आवाज आला, "हं. बोला." मी चुकीची, न कापलेली फाइल लावली होती.

बंद करायला हात पुढे केला, तोवर पहिला हशा झालेला होता. शास्त्राचा नियम असा की सुरू झालेले मापन मध्येच तोडायचे नाही. मी हात मागे घेतला आणि मोजत राहिले. "मंग बारशाले आत्याबाई कोन बसली?" या प्रश्नावर सुया थांबल्या, यंत्रे थांबली. कोपऱ्यातल्या एका बाईंनी डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला आणि दुसरी ओरडली, "अवं माय! मामा म्हना का मावशी, ते तं सांगा!" त्या एका ठिकाणी हशा अकरा सेकंद चालला. एकूण शेहेचाळीस.

घरी आल्यावर मी कथेची फाइल आणि चाचणीत केलेले श्रोत्यांचे मुद्रण शेजारी ठेवले. शेहेचाळीसपैकी अडतीस हशे हुंकारानंतर सव्वा सेकंदाच्या आत आलेले होते. खरे पाहता यात गूढ काहीच नाही. चाची 'मंग?' विचारत, तेवढ्यात ऐकणाऱ्याला पुढचे सुचायला जागा मिळे. त्या चकित होत, म्हणून इतरांना चकित व्हायला हरकत नसे. आणि मुख्य म्हणजे चाचा कोणाला तरी सांगत होते. मी गोष्टीतून ऐकणारे माणूस कापून काढले होते आणि मग कोणी ऐकत का नाही, म्हणून बोलीला दोष दिला होता.

त्याच आठवड्यात मी पुण्याला दुसरा अहवाल पाठवला. तो अर्ध्या पानाचा होता. आधीचा निष्कर्ष मागे घेत आहे, बोलीत दोष नाही, दोष माझ्या कापणीत होता.

मॅडमचा आवाज थंड होता. "स्नेहल, तुमच्या आकड्यांवर विसंबून मी अभिनेत्याशी बोलले आहे. आता तुम्हीच म्हणता आकडे चुकले."

"आकडे बरोबर होते, मॅडम. मोजलेली वस्तू चुकीची होती."

"एका शिवणवर्गावरून मी बारा कथा करू शकत नाही." "एक कथा. एक चाचणी. शहराबाहेर, तुमच्या ओळखीचे कोणी नसेल अशा ठिकाणी. चाळीस आले तर चाचा राहतील. नाही आले, तर पहिला अहवाल कायम."

मी अकोल्याला जाऊन चाचांना सगळे सांगितले, कापलेल्या एकशे सतरा हुंकारांसह. ते रागावतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी चाचींकडे पाहिले. चाची माझ्या बोटातल्या गणकयंत्राकडे पाहत होत्या. तसेच यंत्र त्यांच्या उशाशी होते. त्या त्यावर तसबीह, म्हणजे अल्लाचा जप, मोजत.

"त्याच्यावर हसनं मोजते का तू?" त्यांनी विचारले. "बरं हाये. पन मोजता मोजता नाव घ्याचं राहून जाते कवा कवा. माह्यंबी होते."

निवडलेली कथा थॉरच्या लग्नाची होती. मुद्रणाच्या आदल्या दिवशी चाचींच्या लेकीला अचलपुरात कळा सुरू झाल्या आणि चाची बाळंतपणाला निघून गेल्या. चाचा स्टुडिओत एकटे आले, आपला डबा आपणच घेऊन. आम्ही दोघांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिले.

"बसा," ते म्हणाले.

मी पूर्वतयारी केलेली होती. चाचींच्या हुंकारांचे सरासरी अंतर पंधरा सेकंद येत होते. म्हणून मांडीवर घड्याळ ठेवून मी दर पंधराव्या सेकंदाला 'हं' म्हणू लागले. चाचा दोन मिनिटे बोलले. मग त्यांचा आवाज मंदावत गेला आणि ते थांबले.

"बेटा, घड्याय पाहून हुंकार देऊन राहिल्या का? मले वाटते डॉक्टर माही नाडी पाहून राहिला."

मी घड्याळ पालथे ठेवले. पुन्हा सुरुवात. थ्रिम नावाचा राक्षस थॉरचा हातोडा चोरतो. "हं." हातोड्याच्या बदल्यात त्याला फ्रेयाशी लग्न करून हवे असते. "हं." फ्रेया रागाने अशी फुरफुरते की गळ्यातला हार तुटतो. "हं." माझे अर्धे लक्ष पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर होते.

"मंग थॉरनं हातोडा गिरनीत नेला," चाचा त्याच लयीत म्हणाले, "अन् दोन पायल्या दयून आनला."

"हं."

काचेपलीकडे बसलेला आमचा तंत्रज्ञ टेबलावर कपाळ ठेवून हसू लागला.

"हातोड्याचं पीठ झालं, पोरी!" चाचा म्हणाले. "अन् तुमी हं म्हनता! तुमी आइकून नाई राहिल्या. तुमी तपासून राहिल्या."

माझ्या शिक्षणावर एवढी अचूक टीका कोणत्याही परीक्षकाने केलेली नाही. मी हेडफोन काढले, वही बाहेर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. पहिली काही मिनिटे फार कठीण गेली. हातात काही नसले की मला आपण निकामी आहोत असे वाटते. मग लोकीने सुचवले की फ्रेयाऐवजी थॉरलाच शालू नेसवून पाठवा, आणि चाचा थॉरच्या दाढीवर मुंडावळ्या कशा बसत नाहीत ते सांगू लागले. माझ्या तोंडून आपोआप निघाले, "मंग दाढीचं काय केलं?"

चाचांचे डोळे चमकले. त्यांच्या संहितेत दाढीचे काही केलेले नव्हते. "दाढी? दाढीची वेनी घातली न बाप्पा! अन् त्यात शेवंती."

मुद्रण एका बैठकीत पुरे झाले. त्यात माझे हुंकार किती, ते मी मोजले नाही. मात्र काही दिवस ती फाइल तपासण्यासाठी सव्वीस वेळा ऐकली, आणि एकही हुंकार कापला नाही.

चाचणी तेल्हाऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यात ठरली. गुरुवार, १२ डिसेंबर, जेवणाची सुटी एक ते दीड. मालकांची एकच अट होती, भोंगा वाजला की बंद. श्रोते त्रेचाळीस. बहुतेक सगळ्या बाया, सरकीतून आणि कचऱ्यातून कापूस निवडणाऱ्या, केसांवर आणि भुवयांवर रुईचे तंतू. मागे कापसाचे डोंगर. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही वाईटातली वाईट जागा होती, कारण कापूस आवाज गिळतो. हशाचे डेसिबल कमी भरणार, हे मी आधीच नोंदवून ठेवले. एक वाजून पाच मिनिटांनी, डबे उघडल्यावर, कथा सुरू केली.

पहिल्या पाच मिनिटांत तीन हशे. चाळिसाच्या गतीला ते पुरेसे नव्हते. माझा अंगठा गणकयंत्रावर नुसता टेकून होता.

सहाव्या मिनिटाला ध्वनिवर्धकातून माझा आवाज आला, "मंग?" आणि त्याच क्षणी पुढच्या रांगेतील एक वयस्क बाई, हातात भाकरीचा तुकडा धरून, त्या काळ्या खोक्याला म्हणाली, "मंग?" शेजारणीने तिला कोपराने ढोसले. "त्याले काय इचारतं व, डबा हाये तो!" "डबा असन. सांगून तं राहिला न!" पुढच्या हुंकाराला दोघी होत्या. नंतर रांग. फ्रेयाचा हार तुटेपर्यंत निम्मे जिनिंग त्या खोक्याला हुंकार देत होते, आणि चाचा, जे त्या वेळी अकोल्यात आपल्या घरी होते, प्रत्येकीला वेगळे उत्तर दिल्यासारखे बोलत होते. दाढीच्या वेणीपाशी आकडा वीसच्या पुढे गेला.

मग, एक वाजून चोवीस मिनिटांनी, पंगत. नववधूच्या वेषातला थॉर भूक आवरू शकत नाही. मूळ कथेत तो आख्खा बैल खातो. चाचांनी त्याला अकरा रोडगे, गंजभर वांग्याची भाजी आणि तीन घागरी मठ्ठा दिला होता. राक्षस थ्रिम चकित होतो. "नवरी बाई एवढं कशी खाऊन राहिली?" चाचांनी इथे दम घेतला होता. मूळ कथेत करवली म्हणून आलेला लोकी पटकन एक थाप मारतो. पण लोकीच्या आधी, कापसाच्या ढिगाला टेकून बसलेली एक बाई डबा आपटून ओरडली, "उपासाची असन व! आठ दिवसाची उपासाची असन थे!"

आणि ध्वनिवर्धकातून लोकी म्हणाला, "लग्नाच्या खुशीत पोरीनं आठ दिवस अन्न नाई घेतलं, भाऊजी."

हजार वर्षांपूर्वी, बर्फात, कोणीतरी एका नवरीसाठी रचलेली थाप तेल्हाऱ्यातल्या बाईने न ऐकता जशीच्या तशी सांगितली होती, दिवसांच्या आकड्यासह. पुढचे मला सलग आठवत नाही. कोणी पोट धरले होते, कोणी त्या बाईच्या पाठीत धपाटे घालत होते. "तुले कसं माहीत व?" "मले नाई माईत तं कोनाले! नंदेच्या लग्नात मीच करवली होती!" नंतर ओटी भरताना नारळाच्या जागी तो चोरलेला हातोडा थॉरच्या पदरात आला, आणि त्रेचाळीस बाया-माणसांनी एकदम श्वास आत घेतला. भोंगा वाजला. कोणी उठले नाही. दारात उभ्या असलेल्या मुकादमाने भोंग्याच्या दिशेने हात झटकला आणि म्हणाला, "थांब रे! हातोडा भेटला त्याले!"

कथा संपल्यावर मी डोळे पुसून गणकयंत्र पाहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"किती?"

"एकतीस."

"चाळीस हवे होते."

"हो. पंगतीनंतरचे मोजलेले नाहीत."

"मुद्रण आहे ना श्रोत्यांचे? त्यावरून मोजा."

"प्रयत्न केला. तिथून पुढे एक हशा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते माझ्या व्याख्येत बसत नाही."

"पण तेव्हाच, जागेवर का मोजले नाहीत?"

खोटे सांगता आले असते. यंत्र अडकले म्हणता आले असते. "मी हसत होते, मॅडम."

"मोजणाऱ्याने हसायचे नाही, हा नियम तुमचाच आहे."

"हो."

"ही कथा तुम्ही आधी किती वेळा ऐकली होती?"

"सव्वीस वेळा."

पलीकडून टेबलावर पेनाचे चार ठोके ऐकू आले. सवयीने मोजले. "मला त्या श्रोत्यांचा आवाज पाठवा," त्या म्हणाल्या. "पंगतीपासून पुढचा." अर्ध्या तासाने त्यांचा एका ओळीचा निरोप आला : 'बाराही कथा चाचांकडूनच करा. हुंकारांना हात लावू नका.'

पुनर्मुद्रण रद्द झाले आणि त्याबरोबर पुण्याची जागाही. त्याची मला खंत आहे. पुन्हा अर्ज करणार आहे, आणि या वेळी सोबत अर्ध्या पानाचा अहवालही जोडणार आहे. चाचा आता आठवड्यातून दोनदा येतात. अकोल्याच्या बाजारात त्यांना 'लोकीवाले चाचा' म्हणतात आणि त्यांना ते आवडते. चाची नातवाला दीड महिन्याचा करून परत आल्या तेव्हा मी त्यांना थॉरचे लग्न ऐकवले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले. अभिप्राय चाचांना दिला, मला नाही : "पोट्टी कच्ची हाये अजून. पन दाढीचं बरोबर इचारलं तिनं." आणि स्टूल परत ताब्यात घेतले.

तेल्हाऱ्याचा तक्ता मी बदललेला नाही. फक्त श्रोत्यांच्या रकान्यात एक दुरुस्ती केली आहे. गुरुवार, १२ डिसेंबर, दुपारी एक वाजून चोवीस मिनिटे. श्रोते : ४३ अधिक १. नोंदवलेले हशे : ३१.